पटावरील रिकामें घर

पावसाळा लागला कीं आमच्या घरीं दुपारच्या वेळीं जो कोलाहल उसळतो, त्याची कल्पना एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस करून द्यावयास नको. मुलें सात, खोल्या चार, आणि बाहेर संततधार. पिंपरीसारख्या कारखान्यांच्या गांवीं मोकळें पटांगण आधींच दुर्मिळ. पावसांत तेंही नाहीं. अशा वेळीं एकेकाच्या हातीं भ्रमणध्वनि देऊन शांतता विकत घेण्याचा मोह वडील माणसांस होतो. आम्हांस तो कधींच झाला नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु गेल्या आषाढांत आमच्या मधल्या सूनबाईंनीं एके दुपारीं तीं सारीं यंत्रें गोळा केलीं, फडताळांत ठेवून कुलूप लावलें व किल्ली आमच्या हातीं देत त्या म्हणाल्या, "मामंजी, आतां तुम्हीच कांहीं तरी काढा. पस्तीस वर्षें मुलें सांभाळलींत, हीं तर सातच आहेत."

त्या आव्हानांतून जें निघालें त्याची हकीकत या महिन्यांत वाचकांस सांगावयाची आहे. हकीकत एका खेळाची आहे. तींत आमची स्वतःची एक चूकही आहे. ती आम्हांस नऊ वर्षांच्या नातीनें दाखविली, हें आधींच सांगून टाकतों, म्हणजे पुढें लपविण्याचा मोह व्हावयाचा नाहीं.

सापशिडीचा पुठ्ठा घरांत होताच. तो काढतांच आमच्या थोरल्या नातवानें, वय वर्षें बारा, "हा बाळांचा खेळ" म्हणून नाक मुरडलें. त्यास आम्हीं जवळ बसवून घेतलें व सांगितलें कीं, अरे, हा एके काळीं म्हाताऱ्यांचा खेळ होता. आज आपण जी सापशिडी खेळतों ती विलायतेस जाऊन परत आलेली आपलीच वस्तु आहे. मूळचें तिचें नांव मोक्षपट. उत्तरेकडे ज्ञानचौपड म्हणत. महाराष्ट्रांत परंपरेनें तिचें जनकत्व ज्ञानदेवांकडे देतात. आज जे जुने पट पाहावयास मिळतात ते मात्र बहुतेक अठराव्या शतकापासून पुढचे. वैष्णवांचा बहात्तर घरांचा, जैनांचा चौऱ्याऐंशी घरांचा, असे त्याचे संप्रदायपरत्वें प्रकार होते. पण सर्वांत एक गोष्ट समान होती. प्रत्येक घरास नांव असे. दया, दान, सत्संग या घरांतून शिडी निघे. मद, मत्सर, लोभ या घरांत सापाचें तोंड असे. सोंगटी कोठें बसली हें म्हणतांना खेळणाऱ्यास तें नांव उच्चारावें लागे. इंग्लंडांत हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला, तेव्हां तिकडच्या पटांवरही प्रथम सद्गुण-दुर्गुणांचीं नांवें असत. पुढें तींही गळालीं. अमेरिकेंत १९४३ सालीं सापही गेले व त्यांच्या जागीं घसरगुंड्या आल्या. नांवें पुसलीं गेलीं, एक ते शंभर आंकडे तेवढे राहिले. सत्त्याण्णवाव्या घरांतील साप आपणांस कां गिळतो, हें विचारण्याची सोयच मुलांस उरली नाहीं.

"मग आपण नांवांचा पट करूं," असें सूनबाईंनीं सुचविलें. कोणत्या नांवांचा, यावर मुलांत खल झाला. थोरल्यास गडकिल्ले पाहिजे होते. धाकट्या नातीनें मात्र "लोकलचा करा" असा हट्ट धरला. त्याचें कारण असें कीं, मागील हिवाळ्यांत आम्हीं तिला लोणावळ्याच्या लोकलनें मळवलीस नेऊन भाजें व कार्लें येथील लेणीं दाखविलीं होतीं, आणि लेण्यांपेक्षां लोकलनेंच तिचें चित्त अधिक हरण केलें होतें. आम्हांस तो हट्ट पसंत पडला. आमच्या या रेल्वेच्या वाटेसारखी वाट सगळ्या देशांत थोडी असेल. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगांव, वडगांव, कान्हे, कामशेत, मळवली, अशीं हीं अकरा स्टेशनें. आणि त्यांतील बेगडेवाडी-घोरावाडीच्या अंगास शेलारवाडीचीं लेणीं, कामशेतहून पवन मावळांत उतरलें कीं बेडसें, मळवलीच्या एका हातास भाजें व दुसऱ्या हातास कार्लें. सह्याद्रीच्या घाटांतून देशावर येणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावर भिक्षूंसाठीं कोरलेले हे विहार व चैत्य. दोन हजार वर्षांपूर्वीं व्यापाऱ्यांचे तांडे ज्या खिंडींतून गेले, तिच्याच आसपास आज लोकल धांवते. यात्रा आयतीच आंखलेली होती.

येथें आमचे वडील बंधु मध्यें पडले. दादा बंगईवर बसून जप करीत असतात, परंतु घरांतील एकही शब्द त्यांच्या कानांतून सुटत नाहीं. "चातुर्मास तोंडावर आला आहे," ते म्हणाले, "आणि आपल्या घरांत बुद्धाची यात्रा निघणार?" दादांशीं वाद घालणें आम्हीं पन्नास वर्षांपूर्वींच सोडलें. आम्ही म्हटलें, "दादा, बुद्ध हा आपल्याकडे नववा अवतारच मानला आहे." आणि त्यांचें समाधान व्हावें म्हणून पटाच्या पहिल्या घरांत, पिंपरीच्या खालीं, "नवव्या अवतारास वंदन करून निघावें" अशी ओळ आम्हीं आपल्या हातानें सुवाच्य अक्षरांत लिहिली. दादा पुन्हां जपास लागले. आपण मोठी तोड काढली, असें आम्हांस त्या वेळीं वाटलें.

बौद्धांच्या यात्रेचा खेळ करावा हें कित्येकांस विचित्र वाटेल. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तांत, ज्या करमणुकी श्रमण गौतम वर्ज्य करतो त्यांची यादी आहे, आणि तींत आठ घरांचा व दहा घरांचा पट, फांसे, हें सर्व नांवनिशीवार येतें. त्याच ग्रंथांत सिगाल नांवाच्या गृहस्थाच्या मुलास केलेला उपदेश आहे. त्यांत द्यूताचे सहा तोटे सांगितले आहेत. आमच्याकडे ऋग्वेदांत अक्षसूक्त आहे, आणि धर्मराजाची कथा तर पोरांसही ठाऊक. परंतु लोकांची गंमत अशी कीं, जेथें जेथें बौद्धधर्म गेला तेथें तेथें त्यांनीं फांशालाच धर्माच्या कामास जुंपलें. तिबेटांत भूमि व मार्ग यांचा एक पट आहे. त्यांत नरकापासून बुद्धत्वापर्यंत घरें असतात. त्याचें जनकत्व तेथील परंपरा साक्य पंडित (११८२–१२५१) या महान् विद्वानास देते, व आजारी आईचें मन रमावें म्हणून त्यानें तो रचिला असें सांगते. जपानांत सुखावतीच्या लोकाकडे नेणारा पट होता, आणि त्याच्या फांशाच्या सहा बाजूंस ठिपक्यांऐवजीं बुद्धवंदनेचीं सहा अक्षरें असत. अर्थात् पण लावून खेळणें निराळें व पटावर खेळणें निराळें. आमच्या घरीं पणास फुटाणेसुद्धां लावावयाचे नाहींत, हा नियम दादांनीं घातला व तो आम्हीं मुकाट्यानें मान्य केला.

आतां पट कसा केला तें थोडें विस्तारानें सांगतों, कारण कोणास आपल्या घरीं करावासा वाटल्यास उपयोगीं पडेल. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर सात सातांच्या ओळी आंखून एकोणपन्नास घरें केलीं व खालीं पुठ्ठा डकविला. सोंगट्या व सहा कवड्या आमच्या मातोश्रींच्या सारीपाटाच्या पिशवींतून काढल्या. रंग चारच असल्यानें तिघांच्या सोंगट्यांस दोरा बांधावा लागला. कवड्या टाकावयाच्या व जितक्या उताण्या पडतील तितकीं घरें चालावयाचें. पिंपरीहून निघावयाचें व कार्ल्याच्या चैत्यगृहांत पोंचावयाचें. सापांचीं तोंडें मुलांनींच ठरविलीं, आणि त्यांत त्यांनीं आम्हांस मागें टाकिलें. लेण्याच्या भिंतीवर आपलें नांव कोरणें, हा सर्वांत लांब साप. तो मळवलीहून थेट आकुर्डीस आणून टाकतो. पाण्याच्या टाक्यांत बाटली फेकणें, छायाचित्रासाठीं स्तूपावर चढणें, चैत्यांत आरोळी ठोकून घुमते कां पाहणें, हे इतर साप. यांपैकीं शेवटचा अपराध आमच्या थोरल्यानें त्या हिवाळ्यांत स्वतः केला होता, व त्याची आठवण धाकटीनें सर्वांसमक्ष करून दिली.

शिड्यांचा प्रश्न आला तेव्हां आम्हीं जुनीं टिपणें काढलीं. हीं लेणीं कोणा एका राजानें कोरविलेलीं नाहींत. भिंतींवर व खांबांवर ब्राह्मी लिपींत, प्राकृत भाषेंत, जागजागीं दात्यांचीं नांवें आहेत. १८८१ सालीं बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं पश्चिमेकडील लेण्यांचे शिलालेख ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, तेव्हांपासून तीं नांवें वाचकांस मोकळीं झालीं. कार्ल्याचें तें अवाढव्य चैत्यगृह, लांबी सुमारें एकशें चोवीस फूट व उंची सेहेचाळीस, ज्याच्या छतास आजही मूळच्या लांकडी फांसळ्या आहेत, तें वैजयंतीच्या भूतपाल नामक शेठीनें पुरें केलें म्हणून लेख सांगतो. परंतु त्याच्या एका दाराचा खर्च धेनुकाकटच्या सिंहदत्त नांवाच्या अत्तरें विकणाऱ्यानें दिला, दाराचें काम सामि नांवाच्या सुतारानें केलें, आणि कित्येक खांबांवर यवनांचीं नांवें आहेत. बेडशास नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक याचें दान आहे, व पाण्याचें टाकें सामडिनिका नांवाच्या महारठिणीचें. भाजें येथील टाकें विण्हुदत्त नांवाच्या महारठीनें दिलें. विण्हुदत्त म्हणजे विष्णुदत्त. बौद्ध भिक्षूंस पाणी पाजणाऱ्याच्या नांवांत विष्णु! आम्हीं संस्कृताचे मास्तर. या नांवावर मुलांस दहा मिनिटें व्याख्यान दिल्यावांचून आमच्यानें राहवलें नाहीं. अशा टाक्यास लेखांत "पोढी" म्हटलें आहे, व डोंगर हिंडणारे लोक अजूनही तो शब्द वापरतात.

परंतु घरांत सर्वांत आवडती झाली ती शेलारवाडीची सियगुटणिका. तिचा लेख असा आहे कीं, धेनुकाकटांत राहणारा उसभणक नांवाचा नांगरधारी कुटुंबिक, त्याची कुटुंबिनी सियगुटणिका हिनें आपला पुत्र गृहपति नंद याच्यासह हें लेणें दान केलें. म्हणजे ना राणी, ना शेठाणी. शेतकऱ्याच्या घरची बाई. त्याच लेण्यांच्या मुख्य दालनांत आज शिवपिंडी आहे. घोरावडेश्वर म्हणून महाशिवरात्रीस तेथें यात्रा भरते, आणि आम्ही लहानपणापासून मातोश्रींचें बोट धरून त्या यात्रेस गेलों आहों. पिंडीवर बेल वाहिला. भिंतीवरील अक्षरांकडे मान वळवून पाहिलें नाहीं. हें वाचून दाखवीत असतां आमच्या सौभाग्यवती दाराशीं भाजी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे दान तिचें, आणि नांव मात्र आधीं नवऱ्याचें." आम्हीं व्याकरण समजावून सांगावयाचा प्रयत्न केला, त्यांनीं तो ऐकून घेतला नाहीं.

तर शिड्या म्हणजे हीं दानें. पण सूनबाईंनीं येथें एक नवीनच तोड काढली. त्या म्हणाल्या, दान केलें म्हणून दाताच वर चढला, तर तें दान कसलें? जो दानाच्या घरांत येईल त्यानें जागचें हलूं नये. पटावर जो सर्वांत मागें असेल त्याची सोंगटी शिडीवरून वर जावी. हा नियम ऐकून थोरल्याचा चेहरा उतरला. दुसऱ्याच डावांत त्याची सोंगटी विण्हुदत्ताच्या पोढीवर बसली व सर्वांत मागें असलेला पांच वर्षांचा चुलतभाऊ टुणकन् उडी मारून त्याच्या पुढें गेला. "मीं पाणी दिलें, आणि पुढें तो गेला. हा कसला न्याय?" बंगईवरून, डोळे न उघडतां, दादांचा आवाज आला, "यालाच दान म्हणतात." त्या दिवसापासून दादा खेळाकडे कान देऊं लागले, असा आमचा तर्क आहे.

पंधरा दिवस खेळ असा चालला, आणि आम्ही आपल्यावर प्रसन्न होतों. पुढें एका दुपारीं धाकटी बोट ठेवून स्टेशनें म्हणत होती. पिंपरीस वंदन, चिंचवडास मोरया गोसावी, आकुर्डीस सापाचें शेपूट, आणि देहूरोडावर तिचें बोट थांबलें.

"आजोबा, इथं कांहींच नाहीं?"

"तेथें लेणें नाहीं, बाळ. तें रिकामें घर. तेथें नुसतें पुढें जावयाचें."

"पण बुद्ध तर तिथंच आहे! माझी मैत्रीण जाते ना, पंचवीस डिसेंबरला, सगळे पांढरे कपडे घालून."

वाचकहो, आम्ही तळेगांवच्या एका शाळेंत तीस वर्षें शिकविलें. रोज सकाळीं लोकलनें जाणें व सायंकाळीं लोकलनें येणें. पिंपरीपासून देहूरोड तिसरें स्टेशन. त्या फलाटावर गाडी थांबतांना व सुटतांना आम्हीं किती हजार वेळां पाहिलें असेल याचा हिशेब करवत नाहीं. आणि दरवर्षीं मुलांची सहल घेऊन कार्ल्यास जात असूं, तेव्हांही गाडी तेथें थांबतच असे. एकदांही आम्ही तेथें उतरलों नाहीं. वास्तविक काय घडलें तें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं देहूरोड येथें रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची दीक्षा झाली ती त्यानंतर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं. म्हणजे त्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षें आधीं आमच्या उंबऱ्यापासून तिसऱ्या स्टेशनावर बुद्ध पुन्हां लोकांच्या वंदनेस आला होता, आणि बुद्धाच्या यात्रेचा पट आंखतांना तें घर आम्हीं कोरें ठेविलें. ज्या लेण्यांत आज कोणी भिक्षु राहत नाहीं त्यांच्या दात्यांचीं नांवें प्राकृतांतून लावण्यांत आम्हीं रात्री घालविल्या. जेथें माणसें आजही जातात तें "रिकामें". विण्हुदत्ताच्या पाण्यावर व्याख्यान दिलें त्यांत महाडचें चवदार तळें व १९२७ सालचा मार्च महिना आला नाहीं, हेंही आम्हांस मग आठवलें. पाण्याच्या दानाबद्दल बोलावयाचें व पाणी कोणास नाकारलें तें बोलावयाचें नाहीं, ही विद्या आम्हांस कोणीं मुद्दाम शिकविली नव्हती. ती आपोआप आली होती.

आम्हीं धाकटीस सांगितलें, तुझ्या मैत्रिणीस रविवारीं खेळावयास बोलाव.

ती आली. सौभाग्यवतींनीं सातांबरोबर आठवी वाटी मांडून सर्वांस सांजा दिला. मग पट उघडला. नवीन माणसानें आधीं सर्व घरें मोठ्यानें वाचावयाचीं, असा आमचा प्रघात. पोरगी वाचनांत तरबेज. पण पहिल्याच घराशीं ती थबकली. "नवव्या अवतारास" एवढें म्हणून तिनें आमच्याकडे पाहिलें, आणि हळूच म्हणाली, "आजोबा, आमच्या घरी असं म्हणत नाहीत. बुद्ध अवतार नाही."

खोलींत कोणी बोललें नाहीं. नागपुरास घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत ही एक आहे, हें आम्हीं वाचलेलें होतें. वाचलेलें असून ती ओळ लिहिली होती. दशावतारांत बुद्धास स्थान दिलें हा आपला केवढा उदारपणा, असें आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितलें आहे. ज्यास तें स्थान दिलें त्याच्या माणसांना तें हवें आहे किंवा नाहीं, हें त्या वर्गांत बसलेल्या मुलांपैकीं कोणास विचारावें असें आमच्या मनांत आलें नाहीं. आणि अशीं मुलें आमच्या वर्गांत प्रत्येक वर्षीं होतीं. तीं काय वाटून गप्प राहिलीं असतील?

आम्ही दादांकडे पाहिलें. ओळ त्यांच्यासाठीं लिहिली होती. दादांनीं माळ खालीं ठेविली. "तुम्हीं ती माझ्या समाधानासाठीं घातली होती," ते म्हणाले. "माझें समाधान तेव्हांही झालें नव्हतें. काढून टाका." याचा नेमका अर्थ आम्हांस अद्याप लागलेला नाहीं, आणि दादांस विचारून तो सांगतील असें नाहीं. सूनबाईंनीं त्या ओळीवर कोरा कागद डकविला व त्यावर नुसतें "पिंपरी" लिहिलें.

पुढच्या रविवारीं आम्ही त्या मुलीच्या आजींबरोबर देहूरोडास गेलों. आम्ही, सूनबाई व पांच मुलें. पाऊस होता. स्टेशनावर उतरतांना आम्हांस उगीचच संकोच वाटला. जणू कोणी विचारील, मास्तर, आज इकडे कसे? विहारांत गर्दी नव्हती. पादत्राणें काढून आम्ही मूर्तीपुढें बसलों. आरोळी ठोकणारा आमचा थोरला येथें अवाक्षर बोलला नाहीं. येथें कोणी सापाची भीति घातली नव्हती. आजींनीं वंदना म्हटली. पालीचे ते शब्द आम्हांस अर्थासह येतात. पण ते ग्रंथांतून येतात, आणि आजींच्या तोंडीं ते घरच्या स्तोत्रासारखे होते. हा भेद आम्हीं पूर्वीं कधीं ऐकला नव्हता.

परत येतांना फलाटाच्या बांकावर आम्हीं त्यांस विचारलें, १९५४ सालीं तुम्ही येथें होतां काय? त्या हंसल्या. "होते म्हणजे आईच्या कडेवर. मला काय आठवणार? आई सांगायची. मावळातून पायीच आलो आम्ही. पुढं गेलेली माणसं वाटेत बसून राहायची, मागच्या लेकुरवाळ्या येईपर्यंत. मग सगळी मिळून पुढं. आई म्हणायची, तेवढ्या वाटेत मला कुणी एकटं पडू दिलं नाही." गाडी आली म्हणून बोलणें तेथेंच राहिलें.

मुलांनीं मात्र तें सोडलें नाहीं. त्याच सायंकाळीं पट मांडून देहूरोडाच्या घरांत काय लिहावयाचें याची चर्चा झाली. थोरला म्हणाला, तेथें मोठी शिडी ठेवा, थेट कार्ल्यास. आम्हांसही तें बरें वाटलें. धाकटी व तिची मैत्रीण दोघी कांहीं वेळ कुजबुजल्या, आणि मैत्रिणीनें सांगितलें, "शिडी नको. इथं थांबायचं. सगळे येईपर्यंत कुणी पुढं जायचं नाही."

"मग पहिला येऊन फायदा काय?" थोरल्यानें विचारलें.

"बसायला मिळतं," ती म्हणाली.

नियम मान्य झाला. खेळ लांबला, हें कबूल केलें पाहिजे. पूर्वीं पाऊण तासांत संपणारा डाव आतां दोन दोन तास चालतो, आणि संपादकमहाशयांनीं विचारल्यास हा खेळ बाजारांत खपेल असें आम्हांस वाटत नाहीं. थोरला अजून कुरकुरतो. कवड्या कशा फेंकल्या म्हणजे चार पडतात याचा त्यानें शोध लावला आहे, असा धाकटीस संशय आहे, व तो आम्हांसही आहे. परंतु देहूरोडावर थांबलेल्या मुलांनीं एक वेगळीच रीत पाडली आहे. मागच्याच्या कवड्या पडतांना सारीं त्याच्यासाठीं ओरडतात, कारण तो आल्यावांचून कोणाचीच गाडी सुटत नाहीं.

गेल्या एकादशीस सायंकाळीं एक गडी कमी पडला. मुलांनीं दादांस आग्रह केला. ते नाहीं म्हणाले, मग बंगई थांबली, मग पाट ओढून ते बसले. त्यांना हिरवी सोंगटी दिली. दादांचें दान असें विलक्षण कीं, कवड्या टाकाव्या आणि सहाही पालथ्या पडाव्या. पहिल्या डावास दोन पडल्या, त्यावर ते चिंचवडास येऊन बसले, आणि नंतर कांहीं केल्या हालेनात. "मोरया सोडीत नाहीं रे," असें म्हणून ते हंसले. बाकीच्या सात सोंगट्या एकामागून एक देहूरोडास जमल्या. दिवे लागले. सौभाग्यवतींनीं फराळाचीं पानें घेतलीं आहेत म्हणून दोनदां सांगितलें. कोणी उठलें नाहीं. मुलीस न्यावयास तिच्या आजी आल्या, त्यांस सूनबाईंनीं पाट दिला व त्याही बसल्या. दादांनीं कवड्या मुठींत घेऊन खुळखुळविल्या, आणि आठही मुलें एका सुरांत ओरडलीं, "दादाआजोबा, या लवकर, आम्ही थांबलोंय!"